पांढुर्णा ते रामाकोना: सायकलच्या करकरीचा माग

दोन दिवस सायकलनं जायचं ठरवलं ते माझ्या लेकीनं. मी फक्त "बरं" म्हणालो.

मी पांढुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवतो. वय पंचावन्न, स्वभाव भित्रा. प्रांजली एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकते, आणि भीती हा शब्द तिला फक्त माझ्यामुळे माहीत. तिची माउंटन बाइक मीच जुनी, वापरलेली विकत घेऊन दिली होती. तीन महिन्यांपासून तिच्यातून आवाज येत होता: जोर लावला की कर्र, मग कट्. ती म्हणायची, "जुनी आहे, बोलणारच." मला मात्र तो आवाज घरात बसूनही ऐकू यायचा.

बेत साधा होता. पहिल्या दिवशी जामसांवलीवरून सौंसर, तिथं माझ्या बहिणीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी रामाकोना, त्यापुढचा घाट चढायचा, आणि मग ज्यासाठी प्रांजली निघाली होती तो उतार.

जानेवारीत सकाळी साडेसहाला निघालो. या रस्त्यानं जाणाऱ्यांनी हीच वेळ धरावी. नऊनंतर संत्र्याच्या गाड्या सुरू होतात आणि सायकलला कडेची माती धरावी लागते. दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेली कापसाची पराटी, मधूनमधून संत्र्याच्या बागा. बोटं गारठली होती. पहिला चढ लागला आणि माझ्यापुढे आवाज सुरू झाला. कर्र, कट्.

पहिल्या चहाच्या टपरीवर मी दोन्ही पायडल काढले, आट्यांना ग्रीस लावलं, परत आवळले. टपरीवाला चहा गाळता गाळता पाहत होता.

"सर, नवीच घेऊन टाका ना जी. पोरीचा जीव काय कमी मोलाचा आहे?"

तो सहज बोलला. मला ते लागलं.

चढ आला, आवाज आलाच. म्हणजे पायडल नाही. "उभी राहून चालव," मी ओरडलो. ती सीटवरून उठली आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. म्हणजे सीटही नाही. मग पायडलच्या मधला एक्सेल? तो उघडायची हत्यारं माझ्याकडे नव्हती.

जामसांवलीला मंगळवार-शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गुरुवारी गेलो, दर्शन निवांत झालं. आडव्या, निजलेल्या मारुतीसमोर मी हात जोडले. पोरीचे मार्क, नोकरी, काहीच आठवलं नाही. फक्त आवाज कुठून येतो ते कळू दे, एवढंच मागितलं. बाहेर आल्यावर प्रांजली हसली, "बाबा, तुम्ही देवालेही करकर ऐकवली ना?"

सौंसरला बहिणीनं वांग्याचं भरीत केलं होतं, पण आधी मी सायकल घेऊन दौलतकाकांकडे गेलो. सत्तरीचे मिस्त्री, बाजाराच्या मागच्या गल्लीत बसतात. त्यांनी एक्सेल उघडला, साफ केला, बसवला. आवाज तसाच. मग प्रांजलीला म्हणाले, "पुढचा ब्रेक दाबून धर माय, अन् हँडल पुढं-मागं कर." तिनं केलं. कर्र.

"पुढं आहे, सर," काका म्हणाले. "पण ध्यानात ठेवा, आवाज जिथून ऐकू येते तिथंच खोट राहते असं नाई. पाइपातून फिरते तो."

त्यांनी हँडलखालच्या वाट्या खोलल्या, जुनं कोरडं ग्रीस पुसलं, नवं भरलं. सायकल गप्प झाली. शंभर रुपये घेतले. मी दोनशे दिले असते. त्या रात्री मी शांत झोपलो.

रामाकोन्यापर्यंत दुसरी सकाळ छान गेली. गरम समोसे खाल्ले, बाटल्या भरून घेतल्या. भरून घ्याच, घाटात भरवशाचं पाणी नाही. घाटाच्या दुसऱ्या वळणावर, सागाच्या झाडीत, पुन्हा आला. कर्र, कट्. आता मोठ्यानं.

"उतर," मी म्हणालो. "माझी सायकल घे."

"काहून?"

"घे म्हटलं ना."

बाकीचा चढ मी तिच्या सायकलवर चढलो. प्रत्येक जोराला हँडलमधून तळहाताला बारीक झटका बसत होता. थंडीतही बनियन ओलं झालं. वर पोचल्यावर तिनं हेल्मेटचा पट्टा आवळला आणि स्वतःच्या सायकलकडे हात केला.

"द्या आता. उतारासाठीच तर आलो ना आपण."

"उतरायचं नाही. चालत जाऊ."

"बाबा, कालच तर मिस्त्रीनं पाहिलं! तुम्ही उगाच घाबरून राहिले. तुमची भीती माझ्या अंगावर काहून टाकता?" तिचे डोळे भरले होते. "शाळेची सहल नाही, पोहणं नाही. आता हेही नाही."

ते खरंच होतं. आणि सायकल धोक्याची आहे याचा पुरावाही माझ्याकडे नव्हता.

मी सायकलचं पुढचं चाक रस्त्याकडेच्या दगडाला टेकवलं, ब्रेक दाबला आणि हँडल जोरानं रेटलं. आवाज आला. पुन्हा रेटलं, वाकून. हँडलच्या मागून खाली जाणाऱ्या जाड नळीवर, तिच्या खालच्या अंगाला, जिथं सहसा कुणी पाहत नाही, तिथं एक फाटका स्टिकर होता. त्यावरचा चिखल रुमालानं पुसला आणि तो नखानं सोलला. खाली केसाएवढी काळी रेघ. रेटलं की रेघ उघडायची. सोडलं की मिटायची.

"प्रांजली, इकडं ये. बोट ठेव."

तिनं बोट ठेवलं. मी रेटलं. तिनं हात झटकन मागं घेतला, जसा चटका बसावा. मग कडेला बसली.

अर्ध्या तासानं एक रिकामी पिकअप थांबली. चालकानं विचारलं, "काय झालं जी? पंचर?"

"फ्रेम फाटली," मी म्हणालो.

त्यानं दोन्ही सायकली मागं टाकल्या. उतारावरचं प्रत्येक वळण मी खिडकीतून पाहिलं: दरी, ठेंगणे कठडे, समोरून येणारे ट्रक. या वळणांवर तिनं ब्रेक दाबला असता. सगळा भार त्याच नळीवर.

घरी आल्यावर रविवारी आम्ही ती फ्रेम आरीनं कापली. पुन्हा कुणाला विकली जाऊ नये म्हणून. मलाही तशीच कुणीतरी विकली होती. मी आरी फार चालवलीच नाही. थोडंसं कापलं, ओढलं, आणि नळी तुटून हातात आली. तुटलेल्या कडेचा बहुतेक भाग काळपट होता, कित्येक महिन्यांच्या धुळीनं माखलेला. ताजा, चकचकीत धातू, म्हणजे अजून जोडलेला भाग, थोडाच. प्रांजलीनं त्या चकचकीत भागावर बोटं ठेवून पाहिली. दोन बोटांएवढाच.

"इतक्यावर मी तीन महिने गावभर उतार मारून राहिली होती," ती म्हणाली, आणि नळाखाली बराच वेळ हात धूत राहिली.

आता तिच्याकडे दुसरी सायकल आहे. निघण्याआधी ती वाकून सगळ्या नळ्यांवरून बोट फिरवते, सांध्यांपाशी थांबते. तुमची सायकल करकरत असेल तर तुम्हीही तसंच करा, आधी पुसून. ती वाकलेली दिसली की मला हायसं वाटतं. पण परवा, मोकळ्या रस्त्यावरच्या एका साध्या उतारावर, तिनं खाली येईपर्यंत ब्रेक सोडला नाही. मी मागून पाहत होतो. इतकी वर्षं भीती फक्त मला वाटायची. आता तिच्याकडेही थोडी गेली आहे, आणि ती परत कशी घ्यायची, मला माहीत नाही.