गेल्या वेळचे प्रश्न

मी तेव्हा आमदारांची जीप चालवायचो. नागपूरचं अधिवेशन जवळ आलं, की ते वडगाव रासाईला देवळापुढं बसून सभागृहात मांडायचे प्रश्न गावकऱ्यांना वाचून दाखवत. खांबाला टेकून एक म्हातारे ऐकायचे. नाव कधी कळलं नाही. प्रत्येक प्रश्नाला ते एक बोट मिटायचे.

एका वर्षी दोन्ही मुठी मिटल्यावर ते म्हातारे उठले.

"सायेब, मेंढरं राखायचो तवा सकाळी सोडलेली सांजच्याला मोजूनच वाड्यात घ्यायचो. गेल्या साली तुमी नेलेले प्रश्न किती माघारी आले?"

"आबा, एकाचंच उत्तर आलंय."

"मंग आदी बाकीचे हुडका. नवे कशापायी सोडताय?"



परतताना आमदारांनी मला विचारलं, "गेल्या वर्षीची यादी कुठं ठेवलीय रे?"