टिच बटणाची शिकवणी

शिवणकाम करणाऱ्या बाईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, मधोमध कापड बेतायचं टेबल आणि टेबलाखाली ठोंब्या. कुत्र्याचं हे नाव तिच्या नवऱ्यानं ठेवलेलं. नवरा वारला. तेव्हापासून दारात पाऊल वाजलं की तोच आला असं समजून ठोंब्या धावत सुटायचा आणि जो कुणी असेल त्याच्या छातीवर पुढचे पाय ठेवायचा. गिऱ्हाइकं उंबऱ्याबाहेरूनच कापड देऊन पळू लागली.

बाईनं हाताला आली ती वस्तू उचलली, कापड मोजायची लाकडी पट्टी. दोन-चारदा हाणली. उड्या होत्या तशाच राहिल्या. वर ती साधं कापड मोजायला लागली तरी ठोंब्या टेबलाखालून गुरगुरायला लागला.

एका गिऱ्हाइकाची बाही फाटली, तेव्हा लेकीनं निकाल दिला. "आई, पुढच्या रविवारी मी त्याला नेते. एका गोदामात राखणीला कुत्रा हवाय."

"साखळीला बांधतील?"

"मग काय, सोफ्यावर बसवतील?"

दुसऱ्या दिवशी बाई त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीण लेकीच्या वयाची. पाठीवरून हात फिरवताना तिला वळ लागला. "हे कशानं झालं, मावशी?"

बाईनं खरं ते सांगितलं आणि बोलणी खायला मान खाली घातली.

"सांगितलंत ते बरं केलंत. आता पट्टी कापडापुरतीच ठेवा."

एवढंच. त्या दिवशी ती फाडफाड बोलली असती, तर आपण पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढलो नसतो, हे बाई आजही सांगते.

डॉक्टरणीनं सांगितलेला उपाय साधा होता. कुत्र्यानं उडी मारली की पाठ फिरवायची. चारही पाय जमिनीला टेकले की त्याच क्षणी ठरलेला एक आवाज करायचा आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यायचा. आवाज कुठलाही चालेल. पण तो झाला की खाऊ मिळालाच पाहिजे.

बाईनं एका चिंधीवर टिच बटण लावलं. टिच, अंडं. टिच, अंडं. तिसऱ्या दिवशी दारात गिऱ्हाईक दिसताच ठोंब्या आपणहून बसला.

गुरुवारी बालवाडीचे तीस एप्रन शिवून झाले. प्रत्येकाला मागे टिच बटण. बाई एकेक लावून तपासत होती. दर आवाजाला ठोंब्या येऊन बसे आणि तिच्या हाताकडे बघे. "अरे, हे तुझं नव्हे," ती म्हणे. विसाव्या एप्रनच्या आवाजाला तो आलाच नाही. शुक्रवारी सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या छातीवर पाय!

तिनं डॉक्टरणीला फोन लावून घडलं ते सांगितलं. पलीकडे आधी हसू फुटलं. "मावशी, वीस वेळा जेवायला बोलावलंत आणि ताट वाढलंच नाहीत. कोण येईल?"

"माझ्याच अकलेला टाका घालायला हवा."

"काही बिघडलं नाही. तुमच्या कामात न होणारा आवाज निवडा आणि पुन्हा सुरू करा."

बाईनं जीभ टाळूला लावून 'टॉक' केलं. दोन दिवस मशीन जेमतेम चाललं. शेजारीण तिच्यासाठी चाळीसदा दारातून आत-बाहेर झाली. "आता मलाही अंडं दे बाई," म्हणाली, "पाय गेले माझे."

रविवारी लेक पट्टा घेऊनच आली. ठोंब्या धावला. तिच्यापाशी येऊन पुढचे पाय जरा उचलले गेले, आणि खाली आले. तो बसला. टॉक.

लेक बाहेर गेली, परत आली. पाच वेळा. पाचही वेळा बसला.

"आई, हा अंड्यासाठी बसतोय."

"तू नोकरीला फुकट जातेस का गं?"

लेकीनं गोदामवाल्यांना फोन करून दुसरा कुत्रा बघायला सांगितलं. मग अंड्याची वाटी स्वतःकडे ओढली.

बाईनं डॉक्टरणीला फोन केला. आभाराची दोन वाक्यं मनात जुळवली होती; तोंडातून एकच शब्द निघाला. "बसला."

"कोण, ठोंब्या?"

"हो. आणि लेकही बसलीये, खाली फरशीवर, त्याच्या शेजारी. तुमचे उपकार आहेत, डॉक्टरीणबाई."