अक्कांच्या हातातलं कडं

अक्का गेल्या त्याला आता दीड महिना होत आला. आमच्या घरात पहाटे पितळी परातीच्या काठावर ‘ठण्’ असा आवाज अजून येतो. शेजारच्या बायका नळावर पाणी भरताना तो ऐकतात आणि एकमेकींकडे बघतात. एक जण तर मला तोंडावरच म्हणाली की तुमची जाऊ अजून घर सोडायला तयार नाही, जाणत्याला बोलावून घ्या. मी शाळेत शिकवणारी बाई, वर्गात असल्या गोष्टींना थारा देत नाही. पण खोटं कशाला बोलू, त्या आवाजानं एकदा माझ्याही अंगावर सरसरून काटा आला होता. तो आवाज कोण करतं ते शेवटी सांगतेच. आधी अक्का...

बातमी आली तेव्हा मी आदिलाबादकडच्या बेल्याच्या शाळेत चौथीला भागाकार शिकवत होते. नवऱ्याचा फोन आला, ‘अक्का गेली वं. झोपल्यावानी दिसून राह्यली.’ मी घरी पोचले तोवर त्यांना ओसरीत ठेवलं होतं. बायकांची कुजबुज चालली होती, पण ती अक्कांबद्दल नव्हती. सगळ्यांचे डोळे त्यांच्या उजव्या मनगटावर होते. तिथे चांदीचं जाड कडं असायचं, ते नव्हतं. वर्षानुवर्षं दाबल्यामुळे कातडीवर पडलेला पांढुरका पट्टा तेवढा दिसत होता. मेलेल्या बाईच्या हातातून कडं कोणी नेलं, असं एक म्हातारी विचारत होती. ते माझ्या पर्समध्ये होतं, डब्याच्या रुमालात गुंडाळलेलं. मी पर्स पदराखाली घेतली.

लग्न होऊन किनवटकडून मी या घरात आले तेव्हा अक्का मळ्यात वांगी तोडत होत्या. मातीचे हात पदराला पुसत आल्या, माझं तोंड वर करून बघितलं आणि म्हणाल्या, ‘तू मास्तरीण, मी मळ्यातली. दोघी मिळून एक शहाणी बाई होऊन जाऊ.’ घराची रीत त्यांनीच शिकवली. भासऱ्यांसमोर, म्हणजे अक्कांच्या नवऱ्यासमोर, डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी समोरून बोलायचं नाही. काही सांगायचं असलं की अक्कांना सांगायचं, त्या पुढे पोचवायच्या. आता जग कुठल्या कुठे गेलं, माझे विद्यार्थी मोबाइलवर सारं जग बघतात, पण भासऱ्यांशी मी आजपावेतो समोरून बोललेली नाही. सवयच नाही, दुसरं काय.

ते कडं तेव्हा सासूबाईंच्या हातात होतं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. पहाटे पीठ मळायच्या आधी त्या उजवं मनगट परातीच्या काठावर हलकेच आपटायच्या. बोटं आखडलेली असायची, मूठ वळायची नाही. ‘हात जागा करून राह्यली,’ म्हणायच्या. कशानं दुखतं विचारलं की कड्याकडे बोट दाखवायच्या. त्याची गोष्ट अक्कांनी मला मेथीच्या जुड्या बांधता बांधता सांगितली. आत्याबाईंच्या सासूच्या सासूचं ते कडं. ती बाई गेली तेव्हा तिचा हात इतका सुजला होता की कडं निघेना. तेल लावलं, दोरा गुंडाळला, शेवटी ओढून काढलं. मेलेल्या हातातून ओढल्यामुळे तिचं दुखणं कड्यातच राहिलं, असं घरात धरून चालतात. तेव्हापासून नियम पडला. जिवंतपणी कडं काढायचं नाही, काढलं तर दुखणं घरातली पुढची बाई शोधत जातं. ते मेलेल्या हातातूनच काढायचं आणि तेराव्याला, घराची भाकर जिच्या हातात येईल तिनं घालायचं. हा नियम कोणी केला, कोणालाच ठाऊक नाही. मी तेव्हा हसले होते. अक्का हसल्या नाहीत.

आत्याबाई गेल्या आणि तेराव्याला अक्कांनी कडं घातलं. त्यांची पंचेचाळिशी उलटून गेली होती. पुढच्या एक-दोन वर्षांत सुरू झालं... आधी बोटं, मग मनगट. मग एक दिवस गुडघा, दुसऱ्या दिवशी खांदा. काही पडलं नाही, लागलं नाही, पण दुखणं अंगभर फिरायचं. पहाटे परातीच्या काठावर तोच आवाज येऊ लागला, ‘ठण्’. ओसरीतून भासरे विचारायचे, ‘उठली का वं?’ अक्का उत्तर द्यायच्या नाहीत, मनगट पुन्हा एकदा आपटायच्या. तेवढं ऐकलं की भासरे कांबळ्याची घडी घालून मळ्यावर जायला निघायचे. मी माझ्या खोलीत पडल्या पडल्या हे ऐकायचे आणि मला वाटायचं, आत्याबाई गेल्याच नाहीत, फक्त हात बदललाय.

आदिलाबादची पौषातली थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना सांगायला नको, माणसं शेकोटीपासून हलत नाहीत. अशा एका सकाळी, नुकतं उजाडत असताना मी मागच्या दारी आले. अक्का विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. डोक्यावर पदर नाही, केस कपाळाला चिकटलेले, दंड उघडे. आणि त्यांच्या अंगातून वाफ निघत होती. मी जागच्या जागी थिजले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळख लागायला जरा वेळ गेला. मग म्हणाल्या, ‘आतून कोनी चूल पेटवली वं माह्या...’ पाठीमागच्या घरातल्या बाईनंही ते पाहिलं. दुपारपर्यंत गावभर झालं की हिच्या अंगात आत्याबाई येते. रात्रीची झोप गेली होतीच. छातीत धडधडायचं, उगाच रडू यायचं, आणि हे सगळं कड्याच्या खात्यात जमा होत गेलं.

लिंबू उतरवून झालं. जाणत्यानं सांगितलं, कडं पैनगंगेत सोडा. अक्कांनी साफ नकार दिला. मला हा वेडेपणा सहन होईना. एकदा भाजीच्या टोपल्या भरताना मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, अक्का, काढा ते, आताच्या आता काढा.

‘दुखनं तुह्यावर जाईन,’ त्या म्हणाल्या.

‘जाऊ द्या.’

‘तुले खडू धरा लागते.’

एवढंच म्हणाल्या आणि टोपलीवर ओलं पोतं टाकलं. मी अंगणात उभी राहून रडले. या बाईनं माझ्यासाठी मनगट सुजवून घेतलं होतं, तेही माझा मुळीच विश्वास नसलेल्या एका गोष्टीपायी. भांडायचं तरी कोणाशी?

दुखणं कड्याचं, मग त्याला औषध कुठलं? दवाखाना नको, असंच त्या म्हणायच्या. दिवस ढकलायचा म्हणून गावातल्या सुईवाल्याकडे, म्हणजे बिनडिग्रीच्या डॉक्टरकडे, जायचं आणि त्याच्याकडच्या लाल गोळ्या चहाबरोबर घ्यायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली. मग पायांवर सूज यायला लागली, तेव्हा मात्र मी शाळेला रजा टाकली आणि त्यांना जवळजवळ ओढतच आदिलाबादला सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तेलुगू होती, हिंदी मिसळून बोलायची. नोप्पी कुठे, नोप्पी कधी, म्हणजे दुखतं कुठे, कधी, असं सगळं विचारून झालं, आणि मग तिनं विचारलं की पाळी कधी बंद झाली. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. हाताच्या दुखण्याचा आणि त्याचा संबंध काय, असा त्यांच्या चेहऱ्यावर सरळ प्रश्न होता. मी लाजत सांगितलं. डॉक्टरणीनं मान डोलावली आणि समजावलं. बाईच्या शरीरात एक हार्मोन असतं, सांध्यांना आणि हाडांना त्याचा आधार असतो. पाळी जायच्या सुमारास ते कमी-जास्त होतं आणि मग घसरत जातं. पुष्कळ बायकांचे सांधे त्या वेळी दुखतात, सकाळी बोटं आखडतात, थंडीतही अंगातून आग निघते, झोप उडते. सगळ्याच बायकांना होतं असं नाही, आणि प्रत्येक दुखणं त्याचंच असतं असंही नाही. वाताचे, थायरॉइडचे दुसरे आजार असू शकतात, म्हणून तपासण्या करायच्या. पण यावर उपाय आहेत, आणि आधीच यायला हवं होतं. अक्का खाली मान घालून ऐकत होत्या. कड्यावर बोट फिरवत होत्या.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीपाशी बसल्या. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. मग हळूहळू, स्वतःशीच हिशेब केल्यासारख्या बोलायला लागल्या. आत्याबाईंना कडं मिळालं तेव्हा त्यांचीही चाळिशी मागे पडली होती. त्यांच्या सासूचंही तसंच ऐकलं होतं. ‘आपल्या घरात सासू मरते तवा सुनेचं तेच वय येते,’ त्या म्हणाल्या. मला बसमध्येच टाळी वाजवावीशी वाटली. चार पिढ्या आमच्या घरानं चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती! मी म्हटलं, मग काढा आता. त्यांनी कडं मनगटावरून अर्धवट सरकवलंही. आणि थांबल्या.

‘डॉक्टरीण म्हणते ते खरं असन,’ त्या म्हणाल्या. ‘पण खोटं निघालं तर तुले दुखन.’

आणि कडं पुन्हा मनगटावर मागे ओढून घेतलं.

तपासण्यांचे कागद आले तेव्हा सांध्यांचं राहिलं बाजूला, मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेलेली निघाली. वर्षानुवर्षं खाल्लेल्या गोळ्यांनीच झालं, असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही, पण गोळ्यांचं पाकीट बघून त्यांनी जे तोंड केलं ते मी विसरणार नाही. पुढे डायलिसिस सुरू झालं. पहिल्याच दिवशी तिथल्या नर्सनं कडं काढायला सांगितलं. मी हात पुढे केला, पण अक्कांनी ते मला दिलं नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात बांधलं आणि गाठ मुठीत धरून पडून राहिल्या. अंगावेगळं केलं नाही म्हणजे काढलं नाही, असा त्यांचा हिशेब. घरी निघताना लगेच पुन्हा हातात. माझ्या बोटाचा स्पर्शही त्यांनी त्याला होऊ दिला नाही.

मग शेवटचा आठवडा. अक्का माजघरात खाटेवर होत्या, भाकरी मीच करत होते. पहाट सरत आली होती. परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, आणि मधल्या खोलीतून आवाज आला, अगदी बारीक, घाबरलेला.

‘कोन हाय तिथं? आत्याबाई?’

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा. मी म्हटलं, ‘मी हाय, अक्का. भाकर करून राह्यली.’

‘मंग ठोकून कोन राह्यलं?’

मी परातीकडे बघितलं. माझं उजवं मनगट परातीच्या काठावर टेकलेलं होतं. हाडाचा होता तो आवाज, चांदीचा नव्हता. दिवाळीपासून माझी बोटं सकाळी आखडत होती, खडू हातातून निसटत होता. थंडीनं होतं असेल म्हणून मी सोडून देत होते. हात आपोआप काठावर कधी जायला लागला, मला कळलंही नव्हतं.

त्यांनी मला जवळ बोलावलं. माझा हात घेतला आणि एकेक पेर दाबून बघितलं, भेंडी कोवळी आहे का बघावी तसं. कधीपासून, विचारलं. पाळी येते का, विचारलं. मी म्हटलं, कधी येते, कधी दोन-दोन महिने नाही. माझ्या हातावर त्यांचा हात होता आणि त्यांच्या मनगटावर कडं...

‘कडं तर माह्याच हातात हाय,’ त्या म्हणाल्या.

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, तसं झालं. डॉक्टरीण सांगून थकली, मी भांडून थकले, आणि जे पटलं नव्हतं ते माझ्या सुजलेल्या पेरांनी पटवलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहिलं. इतकी वर्षं उगाच सांभाळलं म्हणून की माझं चुकवता आलं नाही म्हणून, ते मी विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी साबणाचं पाणी मागितलं. कडं सहज निघालं, हात तोवर काडीसारखा झाला होता. या घरात जिवंतपणी ते अंगावेगळं करणारी पहिली बाई अक्का. माझ्या तळव्यावर ठेवून म्हणाल्या, ‘नदीत नोको सोडू. त्याचा काई गुन्हा नाई. अन् तू दवाखान्यात जा, गोळ्या नोको गिळत बसू.’

मी गेले. त्याच डॉक्टरणीकडे. तपासण्या झाल्या, वाताचं काही निघालं नाही. व्यायाम, कोमट पाण्यात बोटं हलवणं, औषध, सगळं सुरू आहे. खडू आता निसटत नाही. सकाळची आखड मात्र थोडी आहे अजून.

तेराव्याला नातेवाइकांनी पुन्हा पैनगंगेचा विषय काढला. मी पदर सावरला आणि सगळ्यांसमोर कडं हातात घातलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पीठ घेतलं, हात आखडलेला होता, तो काठावर गेला. या वेळी आवाज चांदीचा आला. अक्कांचाच, हुबेहूब. मी तशीच थांबले. ओसरीतून भासऱ्यांचा झोपाळू आवाज आला, ‘उठली का वं?’

मग त्यांनाही आठवलं असावं. पलीकडे सगळं शांत झालं. एवढं शांत की मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी त्यांच्याशी बोलत नाही. बोलले असते तरी काय सांगणार होते, मी आहे म्हणून?

मी मनगट पुन्हा एकदा काठावर आपटलं. जरा वेळानं, कांबळ्याची घडी घालत असल्याचा आवाज आला.