तेलापलीकडचं कापड

अबुजातल्या आमच्या योजना खात्यात आरितबाई टायपिस्ट. देशाला तेलाच्या कमाईवरून उठवून शेतीकडे, कारखान्यांकडे नेणारी राष्ट्रीय योजना त्यांनी चार वेळा टाइप केली. वाचली कुणी, देव जाणे. प्रत्येक योजनेच्या सोहळ्याला खात्यातल्या सगळ्यांनी एकाच छापाचं कापड शिवून घालायचं, ही आमची रीत. छापही दर वेळी तोच: मक्याचं कणीस आणि खाली 'तेलापलीकडे'.

यंदा त्या म्हणाल्या, "शिंप्याकडे हेलपाटे घालायचं त्राण नाही बाई. पहिल्या योजनेचा झगाच उसवून सैल करते. देशाचं माहीत नाही, माझी कंबर तेवढी वाढली."

सोहळ्यात मंत्रिसाहेब त्यांच्यापुढे थबकले. "काय हो, नवं कापड इतक्यात विटलं?"

"इतक्यात कुठलं, साहेब," आरितबाई म्हणाल्या, "बावीस वर्षं धुतेय."