तिसऱ्या आमेननंतरही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर मी गोंधळतो, आणि गोंधळलो की मला पुढचं आठवत नाही. खरं तर ही गोष्ट आठवावी की विसरावी, हेच माझं अजून ठरलेलं नाही. चहा घेतलात ना? बरं.

तर झालं असं, की मी आमच्या सांगलीच्या चर्चमध्ये, भर उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर नम्रतेवर प्रवचन दिलं. इथवर सगळं ठीक होतं. प्रवचनही ठीक होतं. घोटाळा प्रवचन संपल्यावर झाला.

पण आधी थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होतो. 'मी म्हणजे कोण' हे आयुष्यभर पोरांना शिकवलं, आणि मला स्वतःला ते कळलंय असं एकदाही वाटलं नाही. नावामागं डॉक्टर लागलंय, पण रिक्षावाल्यानं "डावीकडंच ना?" असं विचारलं, तर मी म्हणतो, "थांबा हां जरा."

अशा माणसाची एखादीच गोष्ट पक्की असते. माझीही होती. मी कुणाचा हात धरत नाही. एसटीत कुणी उठून जागा दिली तर "बसा, बसा, मी पुढंच उतरणार" म्हणतो आणि साताऱ्यापर्यंत उभा राहतो. जिन्यात बायकोनं हात पुढं केला, तर त्या हातात पिशवी देतो.

मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्या डाव्या गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरला आणि दोनदा उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "सर, हा गुडघा आता नावापुरता आहे. खाली बसायचं नाही. काठी घ्या." मी काठी घेतली नाही. काठी म्हणजे तरी काय हो? कुणाचा तरी हातच की, लाकडी!

आता प्रवचन. ईस्टरआधीचा उपवासकाळ तोंडावर आला होता. आमचे पाळकसाहेब घरी आले.

"सर, रविवारी साताऱ्याची मंडळी पाहुणी येतेय. तुम्ही बोला. विषय नम्रता, आणि देवावर अवलंबून राहणं."

"मीच का?"

"तुम्ही शिकलेले."

"शिकलेल्या माणसानं नम्रतेवर बोलायचं म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"काही नाही. बोलतो."

ते गेले आणि माझी झोप गेली. प्रवचन चांगलं झालं तर लोक वाहवा करणार. वाहवा झाली की मला बरं वाटणार. बरं वाटलं की झाला अहंकार! मग मुद्दाम वाईट करावं का? पण देवाचं काम मुद्दाम बिघडवणारा मी कोण? तोही अहंकारच. मी हे सगळं शालिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, समजावून सांगितलं. तिनं जन्मभर शाळेत गणित शिकवलंय. ती म्हणाली, "अहो, तुम्ही बोला आणि जागेवर बसा. लोकांना पुढं जेवायचंय."

जागेवर बसा! तिथंच तर सगळं होतं. आमच्याकडं प्रवचन करणाऱ्यासाठी वर चौथऱ्यावर उंच पाठीची एक खुर्ची असते. नम्रतेवर बोलून त्या खुर्चीत जाऊन बसायचं? मला ते पटेना. आणि शनिवारी आंघोळ करताना सुचलं, की खुर्चीत बसायचंच नाही. खाली यायचं आणि सगळ्यांसमोर गुडघे टेकून शेवटची प्रार्थना करायची. आंघोळीत सुचलेल्या कल्पना बायकोला सांगायच्या नसतात, म्हणून नाही सांगितली.

इथं आमची एक रीत सांगायला पाहिजे. आमच्या मंडळीत कुणी पुढं येऊन गुडघे टेकले, की त्याला हटकत नाहीत. तो आणि त्याचा देव. सोबत गुडघे टेकायला सोडलं तर, तो उठेपर्यंत कुणी बाक सोडत नाही, सगळे डोळे मिटून बसतात, पेटीवर हळू सूर चालू राहतो. फार चांगली रीत आहे. त्या रविवारपर्यंत तरी मला तसंच वाटत होतं.

रविवारी प्रवचन झालं. माणूस स्वतःच्या बळावर उभा नाही, हे मी चार प्रकारांनी सिद्ध केलं. मग खाली उतरलो आणि गुडघे टेकले. खाली जाताना डाव्या गुडघ्यातून बाभळीची वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. मी लक्ष दिलं नाही. छोटीशी प्रार्थना केली. छान झाली, असं मनात येऊन गेलं. लगेच वाईटही वाटलं. "आमेन."

"आमेन," मंडळी म्हणाली.

मी उठायला गेलो. उजवा गुडघा म्हणाला, चला. डावा म्हणाला, कुठं?

पुन्हा जोर लावला. छे! कुणीतरी खिळा मारून फरशीत ठोकल्यासारखा! आधाराला हाताशी फक्त बुटक्या चौथऱ्याच्या कडेवरचं ते बोलायचं उभं मेज होतं. ते आम्ही नवीन केलंय, हलकं, खाली चाकं लावलेलं. मी त्याला धरून भार टाकला, आणि ते निघालं! बायबलसकट, माझ्या टिपणांसकट, संथ गतीनं पेटीच्या दिशेनं निघून गेलं. प्रभूचं वचन माझ्या डोळ्यांदेखत माझ्यापासून दूर गेलं. पाळकसाहेबांना वाटलं, मी मुद्दाम ढकललं. नंतर मला म्हणाले, "सर, तुम्ही विद्वत्ता बाजूला सारलीत, तेव्हा मला भरून आलं हो!"

आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना सरळ, बाबांनो हात द्या. अहो, पण समोर अख्खी मंडळी! साताऱ्याचे पाहुणे! आणि मी, ज्यानं जन्मात कुणाचा हात धरला नाही! लोकांचे डोळे उघडायला लागले होते. घाईघाईत मी एकच केलं.

"आणि हे दयाळू बापा..."

डोळे पुन्हा मिटले. मी सांगलीला पूर येऊ नये म्हणून प्रार्थना केली. हळदीच्या भावासाठी केली. मिरजेतल्या सगळ्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या डॉक्टरांसाठी केली, माझे सोडून. एकीकडं प्रार्थना, एकीकडं पायाला रेटा. "आमेन!" आणि रेटा. "हं... उं..." कॉलरला माईक होता. माझं ते कण्हणं शेवटच्या बाकापर्यंत गेलं. तिथून कुणी बाई हुंदका देऊन म्हणाल्या, "प्रभू, प्रभू!"

उठता आलं नाही.

"आणि हे कृपाळू पित्या..." सीमेवरच्या सातारच्या जवानांसाठी केली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसाठी केली, ती सडू नये म्हणून. तिसरं आमेन. तरीही नाही!

आता मला खरंच कळेना, की मी करतोय ते काय आहे. ही प्रार्थना आहे की वेळ काढणं? वेळ काढायला केलेली प्रार्थना देव ऐकतो का? आणि ऐकली, आणि हळदीचा भाव खरंच वाढला, तर ते कुणाच्या खात्यावर? मी वर्गात अशा प्रश्नांवर तास तास बोललोय. पण वर्गात मी उभा असायचो.

तेवढ्यात शेजारी धप्प झालं. बघतो तर आमचे सुभेदार दानियल आवळे, फौजेतनं निवृत्त झालेले, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, माझ्या बाजूला गुडघे टेकून बसलेले! त्यांना वाटलं, सर एकटेच भार वाहताहेत. सुभेदार खाली आले म्हणून साताऱ्याचे दोन आजोबा आले. ते आले म्हणून आमच्या महिला मंडळाच्या दोघी. पेटीवाल्या ताईंनी सूर आणखी दुःखी केला. बाहेर अंगणात प्रीतिभोजनाच्या मटणाच्या रश्श्याला उकळी आलेली, खिडकीतनं तो वास आत येतोय, आणि आत सगळ्यांना वाटतंय, सांगलीत काहीतरी मोठं घडतंय!

घडत काय होतं, ते मला एकट्याला माहीत होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

सुभेदार तोंड न हलवता पुटपुटले, "आवं सर."

मी माईकवर तळहात दाबला. डोळे किलकिले करणाऱ्यांना दिसलं, सरांनी छातीवर हात ठेवला.

"काय?"

"उठा की आता. लय झालं."

"तुम्ही उठा ना आधी."

"तसं कसं? तुमी पुढारी. तुमच्याआधी उठलो तर बरं दिसतंय व्हय?"

"सुभेदार, उठायला काही अडचण आहे का?"

"मला? न्हाई बा! तुमाला हाय का?"

"छे छे."

दोघांनीही डोळे मिटले. काय करणार?

आणि तेव्हा तिसऱ्या बाकावरून शालिनी उभी राहिली. रीत वगैरे तिला मान्य आहे, पण तिचं माझ्याशी लग्न होऊन पुष्कळ वर्षं झालीत. भर चर्चमध्ये खणखणीत आवाजात तिनं विचारलं, "अहो, तुम्ही प्रार्थना करताय, का गुडघा अडकलाय?"

पेटी थांबली. एक शब्द बोलायचा होता हो, एकच! आणि मी, नम्रतेवर ताजं प्रवचन दिलेला माणूस, देवाच्या घरात गुडघ्यांवर असताना काय म्हणालो?

"प्रार्थना करतोय."

"बरं," ती म्हणाली. "चालू द्या मग." आणि बसली.

चालू काय देणार? मी "आणि हे सर्वसमर्थ बापा" म्हणालो आणि थांबलो. विषयच उरला नव्हता. पूर झाला, हळद झाली, जवान झाले, स्ट्रॉबेरी झाली. देवाला सांगायला माझ्याकडं खरी म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती, आणि ती सोडून मी सकाळपासून बाकी सगळं बोललो होतो. डोळ्यांत पाणी आलं. गुडघ्यामुळं की कशामुळं, ते मी आजही सांगू शकत नाही.

"मंडळी," मी म्हणालो, "गुडघा अडकलाय. पहिल्या आमेनपासून अडकलाय. मला उठता येत नाही. कुणीतरी उठवा मला."

आता हसतील, आता हसतील, म्हणून मी मान खाली घातली.

आणि शेजारून आवाज आला, "मलाबी."

सुभेदार! "माजं तर दोन्ही गेल्यात," ते म्हणाले.

पलीकडून साताऱ्याचे एक आजोबा म्हणाले, "आमीबी कवाधरनं वाट बघतोय, कोन इचारतंय म्हनून!" महिला मंडळातल्या दोघींपैकी एक म्हणाली, "आम्हाला वाटलं, सरांच्या मनात आलं की उठायचं."

मग काय! अख्खं चर्च उठलं. पाळकसाहेबांनी माझ्या एका काखेत हात घातला, शालिनीनं दुसऱ्या. ती कानाशी म्हणाली, "आज पिशवी नाही माझ्याकडं. हात द्या." मी दिला. तव्याला चिकटलेली भाकरी काढावी तसं त्यांनी मला फरशीवरून सोडवून काढलं. तिकडं सुभेदारांना चौघं लागले. उचलताना ते फौजी आवाजात हुकूम सोडत होते, "डाव्या बाजूनं! आरं, डाव्या! जखमी हाय, मेलेला न्हाई!" आणि मग जे हसू फुटलं! मी हसत होतो की रडत होतो, विचारू नका. पहिली पंगत मला खुर्चीत बसवून वाढली, आणि मी एका शब्दानं नाही म्हणालो नाही.

इथं संपलं असतं तर किती बरं झालं असतं!

दोन आठवड्यांनी फोन आला. "सलाम सर! साताऱ्यातनं बोलतोय, हितला पाळक. त्या रविवारी आलो हुतो न्हवं. आमच्या मंडळीची लय इच्छा हाय, तुमी पुढच्या महिन्यात यावं."

माझं मन एकदम वर गेलं. काय करणार, जातं! "येतो की! विषय कोणता घेऊ?"

"विषय नको सर. बोलायला आमचं आमी हाय की. तुमी फकस्त ते शेवटचं करा."

"शेवटचं म्हणजे?"

"ते वो, खाली बसायचं. आनि मग सांगायचं, उठता येत न्हाई म्हनून. लोकं अजून त्येच बोलत्यात!"

"पण थोडं बोलू तरी द्या. प्रवचनात चार मुद्दे होते, ते..."

"मुद्दं हुतं व्हय?" त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं. "असतील, असतील. येळ उरला तर बगू."

हा मान समजायचा की अपमान? आणि अपमान वाटला, तर मग नम्रता कुठं गेली? काही कळेना. शेवटी आयुष्यात जे कधी केलं नव्हतं, ते केलं. आधीच मदत मागून ठेवली. म्हटलं, "येतो. पण खाली गेलो की मला उठवायला दोन धडधाकट माणसं पुढच्या बाकावर बसवा."

"त्येची काळजी सोडा सर! तुमाला उचलायला कोन जानार, यावरनं हितं आत्ताच भांडनं लागल्यात!"

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. शालिनीला सगळं सांगितलं आणि विचारलं, "तूच सांग, मी आता काय करू? प्रार्थना करू, चिंतन करू, उपवास करू? तयारी तरी कशाची करायची?"

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"भात कमी करा," ती म्हणाली. "लोकांना उचलायचंय."