मानवतचा अपवाद

परभणी जिल्ह्यात गोंधळाचा इतका आदर करणारा दुसरा माणूस झाला नाही. माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, परभणीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. लग्नाच्या पंगतीत भांडण लागलं की बाकीचे पाहुणे सोडवायला धावत. हे मात्र घड्याळ काढून भांडण कुठून कुठवर पसरतंय ते पाहत उभे राहत. एकदा नवरदेवाच्या मामाने त्यांचीच गचांडी धरली. तेव्हा "जरा थांबा, तुमी सातवे," असं म्हणून त्यांनी आधी वहीत नोंद केली आणि मगच मार खाल्ला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गोंधळालाही शिस्त असते. लहान हादरे पुष्कळ, मधले थोडे, प्रचंड एखादाच. आणि लहान सुरुवातीतून प्रचंड कधी उभं राहील ते आधी सांगता येत नाही. हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी स्वयंपाकघरात काढली. ताटात ज्वारीचा एकेक दाणा टाकून ढीग करायचा आणि दर दाण्याला किती दाणे घसरले ते मोजायचं. मेव्हणी परात घेऊन ताटकळत उभी. "दळायला कवा न्यायची ही ज्वारी? का आज तुमच्या डोंगराच्याच भाकरी थापू?" हे मान वर न करता म्हणत, "दोन दाणे थांब. कडा कोसळायच्या बेतात हाय." कडा दुपारी तीनला कोसळला. त्या दिवशी त्या घरात सगळ्यांनी चिवडा खाल्ला.

पुढे सूर्यावरच्या स्फोटांचे आकडे त्यांनी कुठल्या कुठल्या वेधशाळांना पत्रं पाठवून मिळवले, शेअर बाजाराचे भाव जुन्या वर्तमानपत्रांतून कापून काढले, आणि सगळं ज्वारीशेजारी एकाच आलेखाच्या कागदावर मांडलं. रेषा एकाच घाटणीने उतरत होत्या. तो कागद घेऊन ते बसने माझ्या गावी, मानवतला, माझ्याकडे आले आणि चपला काढायच्या आधी म्हणाले, "बघा गुरुजी. सूर्याला बाजार ठाऊक न्हाई, बाजाराला माझी ज्वारी ठाऊक न्हाई. तरी तिघं एका वळनाचे! आता फकत मान्सं राह्यली."

माणसांसाठी त्यांनी एसटी स्टँड निवडला. बस फलाटाला लागली की एक जण उठतो. त्याला पाहून दुसरा उठतो, तिसरा खिडकीतून रुमाल टाकतो, आणि कधी कधी सगळा स्टँड पिशव्या घेऊन धावतो. मग कळतं, बस भलत्याच गावाची आहे. आपली बस नसताना किती जण उठले, एवढंच मोजायचं. परभणीत ते स्वतः, पूर्णेला त्यांचे एक सहकारी आणि मानवतला मी. मी शाळेतून नुकताच निवृत्त झालो होतो. रोज सकाळी दोन तास, वर्षभर.

आठ दिवस मी इमानाने बसलो. नवव्या दिवशी ऊन लागलं, म्हणून स्टँडसमोर एका मित्राच्या कापडदुकानात बसलो. तिथे चहा यायचा, पेपर असायचा, गप्पा असायच्या. मोजणं राहिलं, म्हणून घरी येऊन अंदाजाने आकडे लिहिले. दहाव्या दिवशीही तेच. मग वर्षभर तेच. शून्य लिहिलं तर गुरुजी बसलेच नाहीत असं वाटेल, आणि दोनशे लिहिलं तर खोटं वाटेल, म्हणून पाचाच्या खाली आणि पंधराच्या वर मी कधी गेलो नाही. अक्षर मात्र सुंदर होतं. वर्षाअखेर वही हाती घेऊन साडू म्हणाले, "वही असावी तर अशी."

परभणी रेषेवर बसलं. पूर्णाही बसलं. मानवत बसेना. आमच्या गावात ना लहान हादरे, ना मोठे. सगळी माणसं मापात उठणारी. साडूंनी निबंध लिहून एका नियतकालिकाला पाठवला. उत्तर आलं, मानवतचे आकडे वगळा किंवा त्यांचं कारण द्या. सहकारी म्हणाले, "वगळा की सर, दोन गावं बास झाली." त्यावर साडू चिडले. मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते तेवढंच. "आकडा आपल्याला नको म्हनून फेकून द्यायचा? अन् तेबी गुरुजींनी मोजलेला?"

मग ते कारण शोधू लागले. कित्येक वर्षं. स्टँडवरचे बाक मोजले, फलाटांतली अंतरं टेपने घेतली, कडुलिंबाची सावली कुठवर येते ते खडूने आखलं. माझ्याकडे मुक्कामाला असत. जेवताना विचारत, "मानवतच्या पान्यात काही येगळं हाय का, गुरुजी?" मी त्यांच्या ताटात वरण वाढत असे. एकदा ते स्वतः सकाळभर स्टँडवर बसले. त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं गाव एका रिकाम्या बसमागे धावलं. त्यांनी वहीत लिहिलं, 'आज अपवादाला अपवाद.' मला म्हणाले, "माझ्या एका दिवसापेक्षा तुमचं वर्ष मोठं."

निबंध छापून आला नाही. तोवर ज्वारीचं, सूर्याचं, बाजाराचं तसलं काम जगात इतरांनी केल्याचं त्यांच्या वाचनात आलं. "ते आलंय," ते म्हणत, "पन मानवतचं कुठं आलंय?"

या उन्हाळ्यात मी परभणीला गेलो होतो. ते आता सत्तरीपलीकडचे, गुडघेदुखीने धरलेले. मेव्हणी कपाट आवरत सहज बोलून गेली, "जलमभर मोजलं, अन् एक कागद छापून आला न्हाई." साडू म्हणाले, "माझंच कुठंतरी चुकलं आसंल." ते हे इतक्या शांतपणे म्हणाले, की मला राहवेना. मी सगळं सांगितलं. कापडदुकान, चहा, पाच आणि पंधरा.

ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

"सगळी वही?"

"पहिले आठ दिवस सोडून."

"मग ते आठ दिवस खरे!" ते उठले, भिंतीला धरत गेले, वही काढली आणि आठ दिवसांचे आकडे आलेखावर टिंबांनी मांडले. टिंबं रेषेच्या आसपासच पडली. "आगं, हिकडं ये! मानवत बसायलंय बघ!" त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला लिहिता येणार नाही. मेव्हणी आली, पण आलेखाकडे नाही, माझ्याकडे पाहत राहिली.

मग ते मोठ्यानेच विचार करू लागले. आठ दिवस पुरणार नाहीत, मानवत पुन्हा मोजावं लागेल. कुणाला सांगावं? एक जुना विद्यार्थी पाथरीला आहे, त्याला जवळ पडेल. पुतण्या आहे, पण त्याला नोकरी. पोस्टातले एक निवृत्त गृहस्थ आहेत. ओळखीच्या साऱ्यांची नावं त्यांनी घेतली. मी समोरच बसलो होतो.

निबंध अडला तो माझ्यामुळे, साडूंच्या बुद्धीमुळे नव्हे. हे नातेवाइकांत आणि बाहेर कळावं, म्हणून हे लिहिलं.

मला कुणी सांगितलेलं नाही, तरी गेले दोन महिने मी रोज सकाळी स्टँडवर बसतो. चहा घरूनच पिऊन जातो. शेजारी एक बाई पेरू विकते. उठताना वहीत त्या दिवसाच्या आकड्यांखाली तिची सही घेतो. परवा ती म्हणाली, "गुरुजी, माझ्या पोरांना तुमी शिकिवलं. तुमच्या लिवन्याखाली माझी सही कशाला वो?"

मी पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं.