उघडी ठेवायची जखम

सुनेच्या अंगात पुन्हा थंडी भरली, तेव्हा देवावरचा माझा विश्वास प्रथमच डळमळला. बाळंत होऊन तिला वीस दिवस झाले होते. स्तनात गळू धरले, म्हणून चिंचवडच्या डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला आणि आत औषधी कापडाची पट्टी ठेवून तिचे टोक बाहेर सोडले. "पू वाहत राहू द्या. जखम आतून भरत वर आली पाहिजे. पट्टीला हात लावायचा नाही," असे त्यांनी बजावले.

मी मुळातच हेकट. जखमेत चिंधी कोंबून ती भरणार कशी, हे मला काही पटेना. मुलगा पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात कामावर गेला तशी मी पट्टी ओढून काढली आणि वरून मोरयाचा अंगारा दाबला. दोन दिवसांत कातडी मिटली. मी आळीभर गूळ वाटला, डॉक्टरांना येऊ नका म्हणून निरोप धाडला. माझ्या भक्तीची मलाच केवढी ऐट! तिसऱ्या दिवशी पोर तापाने फणफणली. छाती दगडासारखी घट्ट झाली, बाळाला जवळ घेववेना, मधूनच बरळू लागली. ही आता हातची जाते, या भीतीने माझ्या तोंडचे पाणी पळाले.

शेजारणीला तिच्यापाशी बसवून मी तडक देवळात गेले आणि मोरयाशी चक्क भांडले. "जखम मिटवलीस, मग ताप कशाला धाडलास?" शेजारी एक परकी बाई हात जोडून उभी होती. तिने वळून विचारले, "कसली जखम हो?" मी सांगू लागले. पट्टीचे ऐकताच तिचा चेहरा उतरला.

"अहो, पू आतच कोंडलाय. मी नर्स आहे. चला, घर दाखवा आधी."

वाटेत तिने डॉक्टरांनाही बरोबर घेतले.

"पट्टी कुठं गेली?" डॉक्टरांनी विचारले.

"आपसूक पडली," सून डोळे मिटूनच पुटपुटली.

माझी लाज राखायला ती जिवावर उदार झाली होती. मी पुढे झाले.

"न्हाई डॉक्टर, मीच काढली."

त्यांनी पुन्हा चिरा दिला. वाटीभर पू निघाला. ती बाई सुनेचा हात धरून बसली होती. डॉक्टरांनी नवी पट्टी ठेवली, इंजेक्शन दिले; त्या गडबडीत बाई कधी निघून गेली, कळलेच नाही. पुढे कितीदा देवळात शोधले, पण पुन्हा भेट झाली नाही.

कातडी मिटली तेव्हा मी त्याला कृपा म्हणाले होते. खरी कृपा माझे म्हणणे मोडूनच आली. आता मी मोरयापुढे मागते ते मागते, पण कसे दे हे सांगत नाही.

चिरा दिल्याच्या दुसऱ्या दिवशी ताप उतरला. सुनेने बाळ मागितले, मग मला म्हणाली, "आत्या, कालधरनं उभ्या हाय तुमी. बसा की."

तिच्या उशाशी जागा होती. मी पायथ्याशी बसले.